शेवटचा मी, आता या

पनवेलच्या एका हायस्कुलात प्रभाकर प्रयोगशाळेचा मदतनीस होता, आणि त्याच्या कानांना सगळी शाळा वचकून असायची. तास संपला की पोरं परीक्षानळ्या परत ठेवायला यायची. हा त्यांच्याकडे पाठ करून बेसिन घासत असायचा आणि वळूनही न बघता म्हणायचा, "एकवीस आल्या. उरलेल्या तीन कुणाच्या खिशात आहेत, मी बघायला येऊ का?" की निमूट तीन नळ्या स्टँडवर यायच्या. बाकी माणूस म्हणजे गरीब गाय. कुणाला उलटून बोलणं नाही, कुणाचा शब्द मोडणं नाही. बायको सुनंदा म्हणायची, "देवानं तुम्हाला कान दिले दोन माणसांचे आणि तोंड दिलं अर्ध्याचं." हे ती हसून म्हणायची. त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर तिचं ते हसणं गेलं, आणि पुढे तिनं ते म्हणणंही सोडलं.

सायकलीचं खूळ कृष्णकांतनं आणलं. कृष्णकांत शेजारच्याच बिल्डिंगमधला, रसायनीच्या एका कारखान्यात सेफ्टी डिपार्टमेंटला. जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकली तेव्हा नुकत्या कुठे दुकानात दिसायला लागल्या होत्या. त्यानं एक घेतली, मग दुसऱ्याला घ्यायला लावली, आणि एक्याण्णवच्या थंडीत बघता बघता आठ-नऊ जणांचं मंडळ जमलं. दर रविवारी सकाळी सहाला निघायचं. शिरढोणपर्यंत डांबरी रस्ता, मग आत वळून डोंगराची पायवाट, खिंड ओलांडली की पलीकडे उतरण लागायची ती थेट आपट्याच्या अंगाला. तिथं पाताळगंगेच्या काठी चहा-वडा, आणि रस्त्यानं घरी. बायका म्हणायच्या, एवढा घाम घरातल्या कामाला गाळला असता तर सोनं झालं असतं. म्हणेनात का बापड्या.

त्या उतरणीची गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नव्हती. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला निवडुंगानं भरलेला उतार, आणि मधे वाट एवढीच की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरून उभं राहायचं. वर खडी सुटलेली. ब्रेक दाबला की चाक थांबायचं आणि सायकल पुढे जायची. पहिल्या खेपेला खिंडीत उभं राहून प्रभाकरनं खाली बघितलं. "इथं एक दिवस काहीतरी होणार," तो पुटपुटला. कुणी ऐकलं नाही. त्याचं पुटपुटणं कुणी ऐकायचंच नाही.

कृष्णकांत मात्र नियमांचा माणूस. त्यानं ऑफिसातल्या टाइपरायटरवर एक कागद टाइप करून प्रत्येकाच्या हातात ठेवला. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. गुरं दिसली की खाली उतरून सायकल हातात धरायची. कुणाच्या शेतातून, बांधावरून चाक घालायचं नाही. उतारावर एकानं वळण पार केलं, खालच्या सपाटीवर पोचला, की त्यानं वर ओरडून आपला नंबर सांगायचा. तो ऐकू आला की मगच पुढच्यानं निघायचं. कृष्णकांत एक नंबर, आणि सगळ्यात शेवटी प्रभाकर, नऊ नंबर. मागे कुणी राहिलं का, कुणाची चेन उतरली का, हे बघणारा माणूस कानाचा तिखट हवा, असं कृष्णकांतचं म्हणणं. प्रभाकरला त्याचं कोण कौतुक वाटलं! शाळेत त्याला कुणी सर म्हणत नव्हतं, आणि इथं नऊ माणसांचा जीव त्याच्या कानांवर टाकला होता.

आणि तरी पहिल्याच वर्षी भांडण झालं. गवत कापायचे दिवस होते. उतरणीच्या पायथ्याशी एक पाडा होता, तिथल्या बाया वरच्या माळावर गवत कापून भारे डोक्यावर घेऊन ह्याच वाटेनं खाली यायच्या. मंडळाची दोन-तीन चाकं मागून घंटी वाजवत आली, पुढची बाई दचकली, आणि तिच्या डोक्यावरचा भारा सुटून उतारावर विखुरला. ती भामा. चाळिशीची, काटक, आवाज असा की खिंडीत घुमावा.

"ओ सायकलवाले! डोळे फुटले का तुमचे? मानसांच्या अंगावर घालताव?"

कृष्णकांतनं उतरून हात जोडले. प्रभाकर काही न बोलता उतारावर गेला, गवत गोळा करून आणलं आणि जमेल तसा भारा बांधून दिला. भामानं त्याच्याकडे नीट बघितलं. "हा काय भारा हाय? बालंतिनीचं गाठोडं हाय हा!" म्हणाली, आणि सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. भांडण तिथंच विरलं. मग तिनं स्वतःच तोडगा काढला.

"ह्ये बघा, डोक्यावर भारा आसला का मान फिरत नाय. गवत कानाशी खसखसतंय, ऐकू पन येत नाय. आन भारा एकदा खाली टाकला तर परत चढवायला दुसरं मानूस लागतंय. तवा असं करू. तुमी आले का आमी त्या धोंड्याला भारे टेकून उभ्या ऱ्हाऊ. तुमी समदे पुढं व्हा. तुमच्यातला शेवटचा जो आसंल त्यानं उतरायचं, थांबायचं, आन सांगायचं, शेवटचा मी, आता या. तो बोलंल तवाच आमी पाय टाकू."

"चालेल," कृष्णकांत म्हणाला.

"पन शब्दाचा मानूस पायजे. ह्यो द्या." तिनं प्रभाकरकडे बोट केलं. "ह्यो मास्तर खोटं बोलायचा नाय. ह्याला धड बोलताच येत नाय, खोटं काय बोलंल!"

मास्तर तो नव्हताच. पण शर्ट खोचणारा, चष्मा लावणारा आणि शाळेत जाणारा माणूस पाड्यावर मास्तरच असतो. प्रभाकरनं ते नाव दुरुस्त केलं नाही.

दोन वर्षं हे असं चाललं. उतरणीच्या मधोमध, वाटेच्या कडेला कमरेएवढा एक धोंडा होता. बाया त्याला आणि शेजारच्या कातळाला भारे टेकून उभ्या राहायच्या, माना ताठ, डोळे समोर. आठ सायकली जायच्या. मग प्रभाकर यायचा, उतरायचा, आणि म्हणायचा, "शेवटचा मी, आता या." भामा पहिली पाय टाकायची. मागे बघायचा प्रश्नच नव्हता, मान वळत नव्हती. प्रभाकरच्या त्या चार शब्दांवर ती वाटेवर उतरायची आणि तिच्या मागून बाकीच्या. कधीमधी तिचा नवरा तुळशीराम खाली पाड्याच्या तोंडाशी बसलेला असायचा, तो मंडळाला ताक द्यायचा. "आमची भामा कोनाचं ऐकत नाय," तो म्हणायचा. "माजं पन नाय. मास्तरचं तेवढं ऐकती." प्रभाकरला हे ऐकून बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. एखाद्याच्या जिवाची चावी आपल्या खिशात असावी आणि खिसा फाटका असावा, तशी ती भीती. सुनंदाला त्यानं एकदा हे सांगितलं. ती म्हणाली, "मग शिवून घ्या खिसा. नीट बघत जा." एवढं सोपं असतं तर काय हवं होतं!

त्र्याण्णवच्या पावसाळ्यानंतर मंडळात सत्यजीत आला. कृष्णकांतच्या मुलाचा, अपूर्वचा, कॉलेजातला दोस्त. दोघं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सत्यजीतचं घर नवीन पनवेलला, वडील मुंबईत मोठ्या हुद्द्यावर. त्याची सायकल अठरा गिअरची, आणि ती थांबवणं हा त्याला सायकलीचा अपमान वाटायचा. जुने दोघं गळाले होते, त्यांच्या जागी अपूर्वला सात नंबर मिळाला, सत्यजीतला आठ. प्रभाकरच्या बरोब्बर पुढचा.

"अंकल, हे काय रेशनच्या लायनीसारखं?" तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "एकदा तरी ही उतरण फुल स्पीडमध्ये, विदाउट ब्रेक मारायला पाहिजे. मध्ये कुणी नको. एकदम क्लिअर."

"वाटेत माणसं असतात," प्रभाकर म्हणाला.

"म्हणून तर म्हणतो ना, क्लिअर पाहिजे."

दोन रविवार त्यानं नंबर मोडला. एकदा अपूर्वच्या पुढे घुसला, एकदा गुरांमधून न उतरता गेला. एक वासरू बुजून निवडुंगात पडलं. प्रभाकरच्या मनात पाल चुकचुकली. आपट्याला चहा पिताना त्यानं कृष्णकांतला बाजूला घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तक्रार केली. "ह्या मुलाला थांबवा. आणि अपूर्व त्याला पाठीशी घालतो. मघाशी गुरांचं विचारलं तर माझ्या तोंडावर नाही म्हणाला."

कृष्णकांतचा चेहरा उतरला. "प्रभाकर, माझा मुलगा खोटं बोलतो असं म्हणायचंय तुला?"

झालं! प्रभाकरनं लगेच माघार घेतली. कारण कृष्णकांत कोण होता? तीन वर्षांपूर्वी श्रावणात सुनंदाला मागच्या अंगणात साप चावला, तेव्हा कारखान्याची जीप कुणाला न विचारता काढून आणणारा, तिला मांडीवर घेऊन बसणारा, आणि त्यापायी वरिष्ठांचा मेमो खाणारा माणूस. त्यानं ते पुन्हा कधी तोंडातून काढलं नव्हतं. काढलं असतं तर बरं झालं असतं, उपकाराचं ओझं थोडं उतरलं असतं. "नाही, नाही," प्रभाकर म्हणाला. "तसं नाही. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल." ज्याच्या कानांवर शाळा चालायची त्या माणसानं हे म्हणावं! भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

दिवाळीनंतरचा रविवार उजाडला. हवा अशी स्तब्ध की गवताचं पान हलत नव्हतं. शिरढोण सोडल्यापासून प्रभाकरचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खिंडीच्या अलीकडे एक टिटवी डोक्यावर ओरडत फिरत राहिली. सुनंदानं निघताना विचारलं होतं, "आज नाही गेलात तर नाही का चालणार?" का विचारलं, तिलाही सांगता आलं नसतं. खिंडीत पोचल्यावर त्याची चेन उतरली. तो वाटेकडे पाठ करून, कातळाशी सायकल उलटी करून बसला. बाकीचे एकेक करून निघाले. नेहमीचंच होतं हे. त्याला बघायची गरज नव्हती.

खालून कृष्णकांतचा आवाज आला, "एक!" थोड्या वेळानं, "दोन!" हात ग्रीसनं काळे झाले होते. "तीन!" "चार!" मागून टायर खडीवर करकरत गेले. "पाच!" "सहा!" मग अपूर्वचा आवाज. त्याला सर्दी झाली होती, नाकातून यायचा. "सात!"

मग बराच वेळ काही नाही.

मग, "आठ!"

प्रभाकरचा हात चेनवर थांबला. आठसुद्धा नाकातून आला होता. तेच ओढलेलं अक्षर, शेवटी तीच फाटकी कड. एकवीस नळ्यांमधली कुठली तडकलेली आहे हे आवाजावरून सांगणारा माणूस तो, त्याला ह्यात चुकायला काय झालं? आणि त्याच्या मागून खडीवर सहा-सात वेळा टायर करकरले होते. आठ वेळा नक्की नाही. तो उठून उभा राहिला. खिंडीत कुणी नव्हतं. शिरढोणकडच्या अंगाला करवंदीची जाळी दाट होती, तिच्याआड काय आहे ते इथून दिसत नव्हतं.

"सत्यजीत?" तो म्हणाला. मोठ्यानं नाही. शेजारच्या माणसाला हाक मारावी तसा म्हणाला. जाळीतून उत्तर आलं नाही.

मोठ्यानं ओरडायचं होतं. खाली ओरडून विचारायचं होतं, आठ कोण आहे, त्याला पुन्हा बोलू दे! अहो, एवढंच करायचं होतं. पण खाली सपाटीवर कृष्णकांत उभा होता, आणि त्यानं ते ऐकलं असतं. पुन्हा तो चेहरा. माझा मुलगा खोटं बोलतो असं म्हणायचंय तुला? सगळ्यांच्या देखत. प्रभाकरनं चेन चढवली, हात पँटला पुसले, आणि मनाशी म्हणाला, सर्दी सत्यजीतलाही झाली असेल. आणि तो निघाला.

धोंड्याशी बाया उभ्या होत्या. सहा जणी, भारे टेकलेले, माना ताठ. सगळ्यांत पुढे भामा. तो उतरला. एक क्षण त्यानं मागे वर बघितलं. वाट रिकामी होती, वळणापर्यंत.

"मास्तर, आज लई येळ लावलाव," भामा समोर बघत म्हणाली. "मान मोडाय आली."

"चेन उतरली होती."

"मंग? येऊ का?"

इथं तरी! इथं तरी त्यानं म्हणायचं होतं, थांबा जरा, पाच मिनिटं थांबा. ती थांबली असती. पण थांबवलं आणि वरून कुणीच आलं नाही तर खाली काय सांगायचं, एवढा उशीर का झाला, हे त्याच्या मनात आलं. त्याचे ओठ सवयीनं हलले.

"शेवटचा मी. आता या."

भामानं धोंड्यावरून भारा डोक्यावर तोलला आणि वाटेवर पाय टाकला. बाकीच्या जणी एकमेकींना भारे उचलायला मदत करत मागे राहिल्या. प्रभाकर सायकलवर बसून तिच्या पुढे निघाला. पुढचं वळण त्यानं पार केलं असेल नसेल, वर खडी उडाल्याचा आवाज आला. चाकं किती वेगात आहेत ते त्याच्या कानांनी त्याला सांगितलं. मग बायांची आरोळी. मग मधल्या वळणावर एक दणका, आणि गवताची सळसळ, खूप वेळ चाललेली, उतारावरून खाली खाली जाणारी.

तो सायकल टाकून वर धावला. सत्यजीत वाटेवर बसला होता, कोपर फुटलेलं, तोंडानं नुसतं "मला वाटलं क्लिअर आहे, मला वाटलं क्लिअर आहे." भामा दहा-बारा फूट खाली दगडांत पडली होती. भारा तिच्या अंगावर फुटला होता, तिचा एक हात तेवढा बाहेर दिसत होता. प्रभाकर निवडुंगातून सरपटत खाली गेला. तिचे डोळे उघडे होते. "पाय हलंना," ती म्हणाली. "मास्तर, माजं पाय हलंना झालंय."

पाड्यावरून घोंगडी आणि दोन वासे आणले, झोळी केली. तुळशीराम पुढे, प्रभाकर मागे. आपट्याला टेम्पो मिळाला. पनवेलच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं फोटो काढला आणि तुळशीरामला बाजूला नेऊन सांगितलं की कमरेखाली आता काही व्हायचं नाही. त्याआधी, वर वळणावर, तुळशीराम पोचायच्या आत अपूर्वनं ती अठरा गिअरची सायकल करवंदीत ढकलली होती. प्रभाकरनं ते बघितलं होतं. कृष्णकांतनंही बघितलं होतं, आणि त्यानं तोंड फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. आणि तिथं जे घडलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. भामानं जबाब दिला, वरून दगड घरंगळत आला, पाठीत बसला. बाकीच्या बाया म्हणत होत्या की त्यांच्या पुढ्यातून सायकल सूं करून गेली. भामा त्यांच्यावर डाफरली. "सायकल कुटून येनार? मास्तर बोलले ना शेवटचा मी म्हनून? मंग? तुमी भारे उचलत व्हत्या, तुमाला काय दिसतंय! दगड व्हता." जिला लागलं तीच सांगतेय म्हटल्यावर हवालदारानं दगड लिहिलं.

कृष्णकांत त्या संध्याकाळी प्रभाकरकडे आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. एका दिवसात दहा वर्षांनी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. "पोरांची शेवटची परीक्षा आहे," तो म्हणाला. "दवाखान्याचं, घरचं, सगळं मी बघीन तिचं. आयुष्यभर बघीन. पण ती स्वतःच दगड म्हणते आहे, प्रभाकर. आपण कशाला..." आतून सुनंदा ऐकत होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "माझा जीव वाचवला त्यांनी. ते मी विसरत नाही. पण तुम्ही खरं बोलावं म्हणून त्या बाईनं काय वाचवायला हवं होतं तुमचं?" प्रभाकर जेवला नाही. त्याला खडीचा आवाज येत होता, शाळेत नळ्या विसळताना येत होता, देवळात घंटेच्या मागून येत होता.

त्याच आठवड्यात त्याला कळलं की पाड्यावर वाद पेटलाय. बाया म्हणत होत्या, सायकलवाल्यांना ह्या वाटेवर येऊ द्यायचं नाही. आणि भामा खाटेवरून निरोप धाडत होती की मास्तरचं मंडळ चांगलं आहे, त्यांची वाट अडवायची नाही, ते बोलतील तसं करा. म्हणजे उद्या दुसरी कुणी त्याच्या शब्दावर पाय टाकणार होती! शनिवारी अर्धी शाळा संपली तसा तो तडक दवाखान्यात गेला.

दुपारची वेळ. वॉर्डात ऊन आलं होतं. तुळशीराम खाटेशी जमिनीवर बसून संत्रं सोलत होता. प्रभाकरला बघून तो उठून उभा राहिला. "या मास्तर! तुमी नसते तर हिला कोनी वर काडली आसती?"

"बसा मास्तर," भामा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता, पण डोळे हसले. "सांगा जरा ह्याला. बाया ह्याचे कान भरत्यात, सायकल म्हनं."

प्रभाकर बसला नाही. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरला.

"भामाबाई, दगड नव्हता. सायकलच होती."

ती हसली. "काय पन बोलताव! तुमीच तर शेवटचे."

"मी शेवटचा नव्हतो. मागे एक राहिला होता. सत्यजीत. त्याचा नंबर दुसऱ्यानंच ओरडला."

तुळशीरामच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. भामा वर छताकडे बघत राहिली. तिला हे पचायला वेळ लागला. मग तिनं मान त्याच्याकडे वळवली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कीव होती, त्याची कीव.

"आसं व्हय," ती म्हणाली. "मंग तुमाला त्यानं फसवलं. तुमाला काय ठावं, मास्तर? तुमाला ठावं आसतं तर तुमी या बोललं नसतं. नाय का?"

ती वाट बघत होती. नुसती मान हलवायची होती त्यानं. ती त्याला सोडवायला स्वतः पुढे आली होती, खाटेवर पडल्या पडल्या, अर्ध्या मेलेल्या अंगानं. मान हलवली असती तर तुळशीरामनं पुन्हा त्याला ताक दिलं असतं. कृष्णकांतचं घर वाचलं असतं. तिचाही विश्वास शाबूत राहिला असता, आणि तिच्याजवळ दुसरं उरलं तरी काय होतं?

"ठाऊक होतं," प्रभाकर म्हणाला. "मला आवाजावरून शंका आली होती. वरच आली होती. एकाच माणसाचे दोन नंबर आले, ते मी ऐकलं. विचारायची लाज वाटली, म्हणून विचारलं नाही. आणि तुम्हाला या म्हटलं."

भामानं काही विचारलं नाही. कुणाची लाज, कसली लाज, काही नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचे डोळे असे झाले की जणू ह्या माणसाला तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मग ती नवऱ्याला म्हणाली,

"मला त्या कुशीवर कर."

तुळशीरामनं संत्रं ठेवलं, धोतराला हात पुसले. एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली. एकट्यानं तिला फिरवणं कठीण जात होतं, पाय लाकडासारखे मागेच राहत होते. प्रभाकर नकळत पुढे झाला आणि पायांना हात लावायला वाकला.

"नको," तुळशीराम म्हणाला. "तुमी जा."